पांढरा दिवा काय म्हणतो?

मुलांनो, आज एक कोडं घालते. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहा (कडेलाच हं, रस्त्यात नाही!) आणि तुमच्या समोरून निघून जाणाऱ्या गाड्यांच्या पाठीकडे बघा. काय दिसतं? लाल दिवे. ब्रेक दाबला की तेच आणखी झगझगीत लाल. वळायचं असेल तर नारिंगी दिव्याची उघडझाप. आता सांगा पाहू, गाडीच्या पाठीला पांढरा दिवा कधी लागतो?

"नंबरपाटीवर असतो की!" असं कुणीतरी चुणचुणीत मूल म्हणणारच. शाबास! पण तो इवलासा, पाटी वाचण्यापुरता. मी विचारते तो दुसरा. ड्रायव्हरने रिव्हर्स गिअर टाकला की लागणारा आणि गिअर काढला की विझणारा.

१९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये १०८ क्रमांकाचा एक नियम आहे. गाडीने पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायचा नाही आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दाखवायचा नाही, असं तो सांगतो. मग काही अपवाद दिलेत. त्यांत नंबरपाटीचा उजेड आहे आणि मागे येताना लागणारा पांढरा दिवाही आहे. म्हणजे बघा, रस्त्यावर सगळ्यांनी मिळून दिव्यांची एक भाषाच ठरवून घेतली आहे. लाल दिवा म्हणतो, 'मी तुझ्यापुढे आहे, जपून ये.' आणि पांढरा म्हणतो, 'सरक बाबा, मी तुझ्याकडे येतेय!'

डी.एड.ला असताना ही भाषा आम्हाला कुणी शिकवली नव्हती. मी ती शिकले आमच्या खळ्यात, आमच्या पिकअपच्या मागे उभी राहून.

आमचं घर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, गावापासून जरा लांब, मळ्यात. माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, पिकअप चालवतात. घरचे आणि शेजारपाजारचे टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला पोचवायचे, हे त्यांचं काम. टोमॅटो भरतात ती प्लॅस्टिकची जाळीदार पेटी तुम्ही पाहिली असेल. तिला आमच्याकडे सगळे 'कॅरेट' म्हणतात. मूळ शब्द क्रेट, पण एका कॅरेटमध्ये वीस किलो टोमॅटो बसतात आणि भाव चांगला असला तर ते सोन्यासारखेच, तेव्हा मी काही कुणाचा उच्चार सुधारायला जात नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. दिवाळीची सुट्टी लागायला आठवडा राहिला होता. त्या दिवसांत साडेसहाला चांगलाच अंधार होतो आणि मळ्यात रस्त्यावरचे दिवे कुठले? भाऊजी रिकामी कॅरेटं घेऊन परतले आणि शेडपाशी लावायला गाडी मागे घेऊ लागले. त्यांचा मुलगा, आमचा तिसरीतला पुतण्या, खळ्यात सायकलच्या फेऱ्या मारत होता. त्याला तहान लागली. सायकल होती तिथेच आडवी टाकून तो ओट्यावरच्या माठाकडे पळाला. आणि एकदम कर्रर्र असा आवाज झाला.

भाऊजींनी गाडी थांबवली, उतरले, मागे गेले. टायरखाली लाल सायकल. तिचं चाक पापडासारखं दुमडलेलं. आणि सायकलवाला? भाऊजींनी त्याच्या नावाने हाक मारली. ती हाक मला अजून ऐकू येते. तेवढ्यात ओट्यावरून, तोंडात पाण्याचा घोट तसाच धरून, पोरगं कसंबसं "ऊं?" म्हणालं.

भाऊजी मटकन खाली बसले. त्या रात्री ते जेवले नाहीत. सासूबाईंनी नातवावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी बॅटरी घेऊन गाडीच्या मागे गेले आणि भाऊजींना रिव्हर्स टाकून दाखवायला सांगितलं. मागचा डावा पांढरा दिवा लागतच नव्हता. उजवा लागत होता, पण काचेवर चिखल वाळून त्याचा उजेड गढूळ चहासारखा झालेला. डावा कधीपासून बंद होता, कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार तरी कसं? आपल्याच गाडीच्या पाठीवरचे दिवे ड्रायव्हरला दिसत नाहीत!

दुसऱ्या दिवशी बल्ब बदलला, काचा धुतल्या. थोडा फरक पडला, पण मन भरेना. हे बल्ब एकवीस वॅटचे. शहरातल्या उजळ रस्त्यावर पुरतात. मळ्यातल्या काळ्याकुट्ट अंधारात त्यांचा उजेड चार पावलांत संपतो. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता नुसता बल्ब नको. मागे दोन जादा दिवेच बसवू."

रविवारी नाक्यावरचे वायरमनकाका पिशवी घेऊन आले. मी घरातल्या आणि शेजारच्या पोरांना ओट्यावर ओळीने बसवलं. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. काका बोलके होते आणि त्यांना बोलतं ठेवणं हे काम माझं!

काकांनी आणलेले दिवे एलईडीचे, चौकोनी, प्रत्येकी अठरा वॅटचे. खोक्यावर 'आयपी ६७' असं छापलेलं. मुलांनी विचारलं, हे काय? यातला पहिला आकडा धुळीचा. सहा म्हणजे आत धूळ शिरणार नाही. दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. गाडीच्या मागच्या चाकांतून उडणारा चिखल बघितलात तर हे आकडे का बघायचे ते कळेल.

मग मी फळ्याऐवजी फरशीवर खडूने गणित मांडलं. दोन दिवे, अठरा अधिक अठरा, छत्तीस वॅट. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर, म्हणजे तारेतून किती वीज वाहणार ते मिळतं. छत्तीस भागिले बारा, तीन अँपिअर. गाडीचे मूळचे दोन बल्ब मिळून बेचाळीस वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर. दोन्हींची बेरीज साडेसहा.

"मग जोडून टाका की जुन्या तारेलाच!" शेजारचा सातवीतला मुलगा म्हणाला.

काका हसले. गिअरबॉक्सवर सुपारीएवढा एक स्विच असतो. रिव्हर्स गिअर पडला की तो आतून दाबला जातो आणि दिवे लागतात. तो स्विच आणि त्याची बारीक तार मूळच्या दोन बल्बांपुरतीच केलेली. तिच्यातून जवळजवळ दुप्पट वीज नेली, तर ती दुप्पट नाही तापत. तारेची उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते! मुलांनी फरशीवर हिशेब केला. साडेसहा भागिले साडेतीन, त्याचा वर्ग. जवळजवळ साडेतीनपट! तार वितळली तर दिवे जातील एवढंच नाही, डिझेलच्या टाकीजवळून जाणारी तार पेटूही शकते.

मग यावर उपाय काय? काकांनी पिशवीतून काडेपेटीएवढी एक काळी डबी काढली. रिले!

शर्यतीतला रिले तुम्हाला माहीत आहे. एकाने दुसऱ्याच्या हातात काठी द्यायची आणि पुढचं त्याने धावायचं. हाही तसाच. आमच्या शाळेत मुख्याध्यापक नुसती मान हलवतात आणि शिपाईकाका दणदणीत घंटा वाजवतात. मान हलवायला कितीशी ताकद लागते? रिलेमध्ये गिअरबॉक्सच्या स्विचने नुसती मान हलवायची. लोखंडी खिळ्यावर तार गुंडाळून सेल जोडला की टाचण्या चिकटतात, हा प्रयोग तुम्ही केला असेल. या डबीत तसंच तारेचं एक वेटोळं असतं. त्यात जराशी वीज आली की त्याचं चुंबक होतं, ते एक पत्री खेचतं आणि दुसरा, मोठा रस्ता जोडला जातो. त्या मोठ्या रस्त्याने वीज थेट बॅटरीकडून नव्या दिव्यांना जाते. जुन्या तारेवर काही ओझंच नाही.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३०, ८५, ८६, ८७. "एक, दोन, तीन, चार का नाहीत?" पुतण्याने विचारलं. प्रश्न मला फार आवडला. गाड्यांमधल्या तारांच्या जोडणीला जर्मनीत क्रमांक ठरवून दिले गेले. त्या मानकाचं नाव डीआयएन ७२५५२. त्यात तीस म्हणजे थेट बॅटरीकडून येणारी तार, पंच्याऐंशी आणि शहाऐंशी म्हणजे वेटोळ्याची दोन टोकं आणि सत्त्याऐंशी म्हणजे दिव्यांकडे जाणारी वाट. आपल्या नाक्यावरचे काकाही तेच आकडे बघून तार जोडतात. आहे की नाही गंमत?

काम सुरू झालं. चाकांपुढे आणि मागे दगड लावले. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवली. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलं आणि पान्हा चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडेल. निगेटिव्ह सोडवताना टेकला तर काही होत नाही, कारण पत्रा निगेटिव्हलाच जोडलेला असतो. मग फ्यूज. साडेसात अँपिअरचा, तपकिरी रंगाचा. (या चपट्या फ्यूजांचे रंगही ठरलेले. दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा.) तो काकांनी बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला. दिव्याजवळ का नाही? मधल्या वाटेत तार कुठे घासली आणि पत्र्याला टेकली, तर तिच्या आधी उभा असलेला फ्यूजच तिला वाचवणार. पहारेकरी दाराशी असतो, माजघरात नाही.

तार चासीच्या कडेने, नळीतून, सायलेन्सरपासून लांब नेली. पत्र्यातल्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घातलं. दिवे फाळक्याच्या खाली, आडव्या पट्टीवर थोडे आत बसवले, म्हणजे फाळका खाली सोडल्यावर त्याचा दणका त्यांना बसायला नको. अर्थिंगच्या जागी काकांनी आधी कानशीने रंग खरवडला. रंगावर स्क्रू पिळला तर वीज जाणार कुठून? आणि दिव्यांचं तोंड खाली झुकवलं. झोत लांबवर मारणारा नको होता. जमिनीवर पसरणारा हवा होता.

आता खरा वाद सुरू झाला बरं का. भाऊजी म्हणाले, "काका, याला ड्रायव्हरपाशी एक वेगळं बटणही द्या. रात्री माल उतरवताना गिअर न टाकता लावता येतील." काकांची ना नव्हती. बरेच जण तसं करून घेतात म्हणाले. मला ते पटत नव्हतं, पण कसं सांगावं याचा विचार करत होते, तोवर ओट्यावरून आमचा तिसरीतला पुतण्या म्हणाला, "मग बाबा, बटण बंद करायचं विसरून तुम्ही पुढे निघालात, तर गाडी पुढे जाणार आणि दिवा म्हणणार मागे येतेय?"

सगळे गप्प. अगदी तसंच होतं हो! हायवेवर एखाद्या टेम्पोच्या पाठीला असे पांढरे दिवे चालू राहिलेले असतात. मागच्याचे डोळे दिपतात. शिवाय त्याला कळेना होतं, हा थांबतोय की मागे येतोय? आणि दहा वेळा असा खोटा दिवा बघितलेला माणूस अकराव्या वेळी खऱ्या दिव्यालाही हलत नाही. नियमातही सवलत आहे ती मागे येताना लावण्याच्या दिव्याला, माल उतरवण्याच्या नाही. भाऊजींनी बटणाचा नाद सोडला. माल उतरवायला शेडच्या आढ्याला घरच्या विजेचा दिवा टांगला. झालं काम.

अंधार पडल्यावर भाऊजींनी रिव्हर्स टाकला. बॉनेटखाली 'टक्' असा बारीक आवाज आला. रिलेने पत्री खेचली होती. आणि खळं कसं लख्ख झालं म्हणून सांगू! कुंपणाच्या काड्या, कोंबडीचं खुराडं, विसरलेली एक चप्पल, सगळं दिसायला लागलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आरशात पहिल्यांदा काहीतरी दिसतंय." खरंच आहे. आरशालाही उजेड लागतो.

सगळा खर्च मजुरीसकट दोन हजारांच्या आत झाला. पण तुम्हाला वाटेल, दिवे लागले, संपली गोष्ट. नाही. माझ्या डोक्यात एक शंका घोळत होती. दिव्याने उजेड पडेल, पण जे गाडीच्याच आड लपलंय ते कसं दिसेल?

मुख्याध्यापकांना विचारून एका शनिवारी सकाळी पिकअप शाळेच्या मैदानात आणली. हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड आणि किल्ली माझ्या मुठीत. भाऊजी ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि मान वळवून मागच्या काचेतून बघू लागले. हौदा रिकामा होता. पहिलीतलं एक मूल फाळक्याला पाठ टेकून उभं राहिलं आणि हळूहळू लांब चालू लागलं. भाऊजी "दिसला!" म्हणाले तिथे आम्ही फक्कीने रेघ मारली. पावणेदोन मीटर. बरं वाटलं. मग तेच मूल खाली बसलं, गोट्या खेळताना बसतात तसं. आता ते दिसेपर्यंत सहा मीटरच्याही पुढे जावं लागलं. आणि हौद्यात कॅरेटची थप्पी रचली तेव्हा काय झालं असेल? मागची काच पूर्ण झाकली गेली. मूल चालत चालत मैदानाच्या कुंपणाला जाऊन टेकलं, तरी भाऊजींना दिसलं नाही. दिवसाउजेडी! राहिले फक्त बाजूचे दोन आरसे आणि त्यांत बाजूच्या पट्ट्या दिसतात, बरोबर मागचं नाही.

उन्हाळ्यात उभ्या गाडीच्या सावलीत बसून खेळणारी मुलं मी किती बघितली आहेत. त्या दिवशी फक्कीच्या त्या रेघांकडे बघून माझ्या चौथीच्या वर्गातला गोंधळ आपोआप थांबला.

अमेरिकेत १ मे २०१८ पासून सगळ्या नव्या मोटारींना आणि हलक्या पिकअपना मागे बघणारा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचा अडथळा ओळखून टीं टीं करणारा सेन्सर लागू झाला. आमची गाडी जुनी आणि मालाची. तिच्यात यातलं काही नाही, फक्त आता चार पांढरे दिवे आहेत. त्यामुळे भाऊजींनी एक सवय लावून घेतली. मागे घ्यायच्या आधी उतरून गाडीभोवती एक चक्कर मारायची.

आणि तुमच्यासाठी एक खास गोष्ट. गाडी मागे येताना "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" असं ओरडायला आणि हौद्यावर थाप मारायला तुम्हाला भारी आवडतं, मला माहीत आहे. मलाही आवडायचं. पण उभं कुठे राहायचं? बरोबर मागे कधीच नाही. बाजूला, लांब आणि अशा जागी, की बाजूच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसेल. प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परतही येऊ शकतो. म्हणून आरशात तुम्हाला त्याचे डोळे दिसत असतील, तरच त्यालाही तुम्ही दिसू शकता. त्याचे डोळे दिसत नसतील, तर तुम्ही कितीही मोठ्याने ओरडा, त्याच्या लेखी तिथे कुणीच नाही. मोठ्या माणसांनाही हे सांगून बघा. पुष्कळांनी याचा विचारच केलेला नसतो.

आता दर रविवारी सकाळी पुतण्या ओला फडका घेऊन मागचे दिवे पुसतो. मग नव्या सायकलला टेकून बाजूला उभा राहतो. भाऊजी इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवून रिव्हर्स टाकतात. टक्. "चारही लागले, बाबा!" २०२५ च्या ऑगस्टात एका रविवारी मात्र तो म्हणाला, "तीनच." उजवीकडच्या नव्या दिव्याच्या अर्थिंगचा स्क्रू पावसाने गंजला होता. वायरमनकाका गावाला गेलेले. ते परत येईपर्यंत दोन दिवस भाऊजींनी गाडी खळ्यात आणलीच नाही. बाहेर फाटकापाशी लावली आणि कॅरेटं सगळ्यांनी मिळून हातोहात आत आणली.